‘क्रॉस रोड ब्लूज’ची ध्वनिमुद्रणे आणि मैफली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘क्रॉस रोड ब्लूज’ आणि ‘क्रॉसरोड्स’ ही दोन वेगळी गाणी आहेत का?

गाणे एकच आहे, मात्र नावे दोन आहेत. ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गायनप्रकारातला मिसिसिपीचा गायक आणि गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन याने १९३६ साली जे गाणे तबकडीसाठी गायले त्याचे नाव ‘क्रॉस रोड ब्लूज’ होते. तीस वर्षांनंतर इंग्लंडमधील एरिक क्लॅप्टन याने त्याची नवी बांधणी केली आणि ती ‘क्रॉसरोड्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. शब्द बरेचसे जुनेच राहिले, पण ठेका आणि गिटारचे काम पूर्णपणे बदलले. त्यामुळे एक ऐकून दुसरे ऐकणाऱ्याला आपण तेच गाणे ऐकत आहोत हे पहिल्या कडव्यापर्यंत ध्यानात येत नाही. या पानावर दोन्हींचा विचार केला आहे. जॉन्सनच्या मुद्रणांना जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या सगळ्या आवृत्त्यांमधील कोडी तिथेच सुटतात.

मूळ ध्वनिमुद्रण कोठे आणि केव्हा झाले?

ते २७ नोव्हेंबर १९३६ रोजी, टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरात, गुंटर हॉटेलच्या एका खोलीत झाले. अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशन या कंपनीसाठी डॉन लॉ यांनी हे मुद्रण केले. त्या काळी कंपन्या आपली यंत्रे घेऊन दक्षिणेतील शहरांमध्ये जात, हॉटेलातील खोल्या भाड्याने घेत आणि आसपासच्या कलावंतांना तेथे बोलावून घेत. जॉन्सन तेव्हा २५ वर्षांचा होता. सॅन अँटोनियोत तो तीन दिवस गायला आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये डॅलस येथे पुन्हा गायला. या दोन फेऱ्यांत मिळून त्याची २९ गाणी मुद्रित झाली. त्याचे सगळे ध्वनिमुद्रित कार्य एवढेच आहे, कारण १६ ऑगस्ट १९३८ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, मिसिसिपीतील ग्रीनवुडजवळ त्याचा मृत्यू झाला.

‘क्रॉस रोड ब्लूज’ची तबकडी १९३७ साली व्होकॅलियन या छापाखाली निघाली. तिच्या दुसऱ्या बाजूला ‘रॅम्बलिन ऑन माय माइंड’ हे गाणे होते.

एकाच गाण्याचे दोन टेक का घेतले गेले?

मुद्रण मेणाच्या तबकडीवर होत असे. ती तबकडी नाजूक असे आणि प्रवासात किंवा साचा काढताना तिला इजा झाली तर गाणे कायमचे गेले. म्हणून बहुतेक गाण्यांचे किमान दोन टेक घेण्याची, म्हणजे तेच गाणे निदान दोनदा गाऊन मुद्रित करण्याची पद्धत होती, एक वापरण्यासाठी आणि दुसरा राखून ठेवण्यासाठी. ‘क्रॉस रोड ब्लूज’चे दोन्ही टेक सुदैवाने शिल्लक राहिले आहेत.

त्या दोन टेकमध्ये नेमका काय फरक आहे?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण माझ्या मते या गाण्याच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

पहिला टेक किंचित जलद आहे आणि त्यात पाच कडवी आहेत. दुसरा टेक संथ आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे लय उतरली की तेवढ्या वेळात कमी मजकूर बसतो. दुसऱ्या टेकमध्ये कडवी चारच आहेत. पहिल्या टेकचे शेवटचे कडवे, ज्यात गाणारा चौकात उभा राहून पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे पाहतो आणि संकटात सोबतीला कोणी स्त्री नाही म्हणून विलाप करतो, ते दुसऱ्यात अजिबात नाही. तिथे गाणे विली ब्राउन या मित्राला निरोप धाडण्यापाशी संपते. विली ब्राउन ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. तो मिसिसिपीतील नावाजलेला गिटारवादक होता आणि चार्ली पॅटन व सन हाउस या ब्लूज गायकांचा साथीदार होता.

तिसरे कडवेही दोन्ही टेकमध्ये सारखे नाही. पहिल्या टेकमध्ये सूर्य बुडतो आहे आणि अंधार मला येथेच गाठणार, अशी स्पष्ट धास्ती आहे. दुसऱ्यात सूर्य बुडतोच, पण त्याबरोबर गाणाराही बुडत चालला आहे असे शब्द येतात. पहिल्यात संकट बाहेरून चालून येते, दुसऱ्यात ते माणसाच्या आत उतरले आहे. दोन टेकमध्ये फार वेळ गेला नसावा, खोली तीच, गिटार तीच, तरीही गाण्याचा रोख बदलला. ख्यालगायकी ऐकणाऱ्या कानांना याचे आश्चर्य वाटणार नाही. बंदिश तीच ठेवून दुसऱ्यांदा मांडताना गवई जागा बदलतोच.

मग लोकांनी कोणता टेक ऐकला?

१९३७ साली तबकडी विकत घेणाऱ्यांनी पहिला टेक ऐकला. असे ग्राहक फार नव्हते. जॉन्सनच्या गाण्यांपैकी ‘टेराप्लेन ब्लूज’ त्यातल्या त्यात खपले, बाकीची लवकरच विस्मरणात गेली.

१९६१ साली कोलंबिया कंपनीने ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ हा जॉन्सनच्या गाण्यांचा एलपी, म्हणजे अनेक गाणी मावणारी मोठी तबकडी, काढला. त्यात पहिलेच गाणे हे होते, पण तबकडीवरचा टेक न घेता तोवर कधीही प्रकाशित न झालेला दुसरा टेक त्यावर घातला गेला. इंग्लंडमधील ज्या तरुण पिढीने पुढे ब्लूज जगभर नेला तिच्या हाती हाच एलपी पडला होता. म्हणजे राखीव म्हणून बाजूला ठेवलेला टेकच त्या पिढीसाठी ‘मूळ गाणे’ ठरला. क्लॅप्टनच्या बांधणीत गाणे विली ब्राउनच्या निरोपावर का संपते आणि पूर्व-पश्चिमेचे कडवे त्यात का नाही, याचे साधे उत्तर दुसऱ्या टेकमध्ये सापडते.

दोन्ही टेक शेजारी शेजारी ऐकायचे असतील तर १९९० साली निघालेला ‘द कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज’ हा संच घ्यावा. त्याला ऐतिहासिक ध्वनिमुद्रणासाठीचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले होते.

या गाण्यात जॉन्सनने सैतानाशी केलेल्या सौद्याची हकिगत आहे ना?

नाही. दोन्ही टेकमध्ये सैतानाचा उल्लेख एकदाही येत नाही. गाणारा चौकात गुडघे टेकतो आणि देवाकडे दया मागतो. तेथे प्रार्थना आहे, सौदा नाही.

मध्यरात्री चौकात जाऊन आत्मा विकण्याची कथा आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच ब्लूज गायकाबद्दल सांगितली जात होती आणि ती त्याच्या भावाने सांगितली होती. दोघांचा रॉबर्टशी आडनावापलीकडे संबंध नव्हता. रॉबर्ट सुरुवातीला अगदी सामान्य वाजवत असे आणि काही काळ गावाबाहेर राहून परतला तेव्हा थक्क करणारे वाजवू लागला, असे सन हाउस सांगत असे. पुढे या आठवणीला टॉमीची कथा चिकटली आणि त्यात या गाण्याच्या नावाची भर पडली. आपल्याकडेही तिठ्यावर उतारा टाकतात, त्यामुळे मराठी वाचकाला ही कथा चटकन पटते. परंतु त्या मुलाने गावोगाव फिरून, इतरांचे ऐकून आणि अखंड रियाज करून जे मिळवले त्याचे श्रेय सैतानाला देणे मला अन्यायाचे वाटते. ही कथा सांगताना निदान ‘गाण्यात असे आहे’ असे तरी कोणी म्हणू नये.

तसे असेल तर गाण्यातली भीती कशाची आहे?

गाणारा रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतो, पण त्याला कोणी ओळखत नाही आणि कोणी थांबत नाही. दिवस मावळत असतो. १९३० च्या दशकातील मिसिसिपीत वर्णभेद कायद्यानेच लादलेला होता. अनोळखी गावात अंधार पडल्यावर एकटा सापडलेला कृष्णवर्णीय माणूस भटक्या म्हणून तुरुंगात डांबला जाण्याची शक्यता होती आणि जमावाकडून जिवे मारला जाण्याचीही होती. जॉन्सन हा सतत फिरतीवर असलेला कलावंत होता, त्याच्यासाठी ही कल्पनेतील धास्ती नव्हती. पहिल्या टेकमधील अंधाराचे कडवे या माहितीसह एकदा ऐकावे. त्या ओळीला त्याचा आवाज जसा ताणला जातो त्याचा अर्थ मग समजावून सांगावा लागत नाही.

ब्लूज बारा बारांचा असतो असे शिकवले जाते. जॉन्सनबरोबर मोजू लागले की मोजणी चुकते, असे का?

मोजणी चुकत नाही. जॉन्सन बारा बारांत गातच नाही.

बारा बारांचा ब्लूज म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खणांचे एक आवर्तन. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा आणि मग उत्तर देणारी तिसरी ओळ, अशी तिची मांडणी असते. अनेक वाद्ये एकत्र वाजत असतील तर हा हिशोब सर्वांनी पाळावाच लागतो. जॉन्सन एकटाच होता. ओळ संपल्यावर स्लाइडने, म्हणजे बोटात चढवलेली नळी तारांवर घसरवून, तिला उत्तर द्यावेसे वाटले तर तो ते देत असे आणि त्यासाठी दोन मात्रा वाढल्या तर वाढू देत असे.

मी एकदा एका दुपारी पहिला टेक लावून, काडेपेटीतील काड्या टेबलावर मांडत पहिली दोन कडवी मोजली. दर चार मात्रांना एक काडी ठेवायची असे ठरवले होते. बारा काड्या संपल्या तरी कडवे संपले नव्हते आणि मध्ये एके ठिकाणी अर्धी काडी मोडून ठेवावी लागली. कडवी चौदा-पंधरा बारांच्या आसपास जातात आणि सगळी सारखी भरत नाहीत. चौथ्या स्वरावर जाणारा स्वरसंघ जेथे अपेक्षित असतो तेथे तो नुसता सुचवला जातो, ठामपणे वाजत नाही. पण त्या टेबलाकडे न पाहता ऐकले तर गाणे कोठेही अडखळत नाही, कारण पायाचा ठेका आणि श्वास यांचे नाते पक्के आहे.

जॉन्सनची मुद्रणे मूळ वेगापेक्षा जलद केलेली आहेत, हे खरे आहे का?

असा दावा अधूनमधून केला जातो आणि गाणी मंद करून ऐकवलीही जातात. मला तो पटत नाही. ही मुद्रणे दोन वेगवेगळ्या शहरांत, सात महिन्यांच्या अंतराने झाली. यंत्राचा दोष मानायचा तर तो दोन्ही ठिकाणी सारखाच असायला हवा. शिवाय जॉनी शाइन्ससारखे, जॉन्सनबरोबर प्रवास केलेले वादक पुढे अनेक वर्षे हयात होते. त्यांनी या तबकड्या ऐकल्या होत्या आणि हा आवाज आमच्या रॉबर्टचा नाही अशी तक्रार त्यांनी केली नाही. मंद केलेले मुद्रण ऐकायला गोड लागते हे खरे असले तरी तो पुरावा होत नाही.

तो भिंतीकडे तोंड करून वाजवत होता, असे म्हणतात. त्याचे कारण काय?

डॉन लॉ यांनी ते लाजाळूपणाचे लक्षण म्हणून सांगितले आहे. गिटारवादक राय कूडर यांचे मत वेगळे आहे. कोपऱ्यात तोंड करून बसले की आवाज दोन्ही भिंतींवरून परत येतो आणि गिटारचा नाद भरदार व टोकदार होतो, म्हणून जॉन्सनने ते जाणून केले असावे, असे ते म्हणतात. घरच्या कोपऱ्यात बसून हा प्रयोग कोणालाही करता येईल. फरक ऐकू येतो.

१९३८ नंतर क्लॅप्टनपर्यंत या गाण्याचे काय झाले?

२३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीताचा एक मोठा कार्यक्रम झाला. आयोजक जॉन हॅमंड यांना त्यात जॉन्सन हवा होता, पण तो वारल्याचे कळल्यावर त्यांनी रंगमंचावर त्याच्या तबकड्या वाजवून दाखवल्या. हे गाणे त्यांत नव्हते. पुढे १९५४ साली एल्मोर जेम्स यांनी विजेच्या गिटारवर, पूर्ण वाद्यवृंदासह ‘स्टँडिंग ॲट द क्रॉसरोड्स’ मुद्रित केले. त्यांची स्लाइड जॉन्सनच्याच वळणाची असली तरी हिशोब बारा बारांचा आहे.

क्लॅप्टनने हे गाणे पहिल्यांदा केव्हा मुद्रित केले?

१९६६ साली, ‘पॉवरहाउस’ या केवळ तेवढ्या मुद्रणापुरत्या जमलेल्या चमूबरोबर. त्यात स्टीव्ह विनवुड गायला आहे आणि जॅक ब्रूस बासवर आहे. इलेक्ट्रा कंपनीच्या ‘व्हॉट्स शेकिन’ या संग्रहात ते आले. स्टुडिओतले असल्याने ते आटोपशीर आहे, आणि पुढच्या बांधणीचा कच्चा आराखडा म्हणून ते जरूर ऐकावे.

क्रीमची स्टुडिओ आवृत्ती कोठे मिळेल?

ती अस्तित्वातच नाही. क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांच्या ‘क्रीम’ या त्रिकुटाने ‘क्रॉसरोड्स’ स्टुडिओ अल्बमसाठी कधीही मुद्रित केले नाही. रेडिओवर जे वाजते, गिटारच्या वर्गात जे शिकवले जाते आणि ज्याला लोक ‘ओरिजिनल’ म्हणतात ते मैफलीतील मुद्रण आहे. अल्बममधील सफाईदार आवृत्ती शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ऐकू येते ती सफाई श्रोत्यांसमोर, एका दमात आलेली आहे.

ती मैफल फिलमोरची की विंटरलँडची?

विंटरलँडची. हा गोंधळ अल्बमच्या वेष्टनामुळे झाला. १९६८ सालच्या ‘व्हील्स ऑफ फायर’ या दोन तबकड्यांच्या अल्बममधील दुसऱ्या तबकडीवर ‘फिलमोरमधील मैफल’ असे छापले होते. प्रत्यक्षात सॅन फ्रान्सिस्कोतील या दोन सभागृहांपैकी ७ मार्चला फिलमोरमध्ये आणि ८ ते १० मार्चला विंटरलँडमध्ये असे मुद्रण झाले. त्या तबकडीवरील चार गाण्यांपैकी फक्त ‘टोड’ फिलमोरचे आहे. ‘क्रॉसरोड्स’ १० मार्च १९६८ रोजी विंटरलँडमध्ये मुद्रित झाले. विंटरलँड हे मुळात बर्फावरील स्केटिंगचे सभागृह होते.

त्या मुद्रणात एवढे विशेष काय आहे?

क्लॅप्टनने जॉन्सनच्या गिटारमधील एक छोटी आकृती वेगळी काढली, तिला सरळ, ठाम ठेक्यावर बसवले आणि तिलाच गाण्याचा कणा केला. जॉन्सनची लवचीक कडवी येथे काटेकोर बारा बारांची झाली आहेत. तिघांनी एकत्र धावायचे तर रूळ लागतात. लय पुष्कळ वाढली, स्लाइड गेली, आणि गुडघे टेकलेल्या माणसाच्या गाण्यात धावत्या गाडीचा जोर आला. शब्दांतील करुणा यात मागे पडली, हे मान्य करायला हवे. माझे या मुद्रणावर प्रेम असूनही ती उणीव मला दर वेळी जाणवते.

गिटारच्या एकल वादनाकडे कान द्यावा. असे दोन भाग आहेत आणि त्यांच्यामध्ये गायन आहे. पहिल्यात क्लॅप्टन बराचसा मधल्या सप्तकात राहतो, वाक्य बोलावे तसे सूर मांडतो आणि थांबतो. गाणे ए या स्वरात आहे. त्या स्वराला षड्ज मानले तर तो शुद्ध आणि कोमल असे दोन्ही गंधार वापरतो, कधी कोमलावरून तार ओढून शुद्धाच्या जवळ नेतो आणि मध्येच सोडतो. ब्लूजचा सगळा रस त्या दोन गंधारांच्या मधल्या जागेत आहे. दुसऱ्या भागात तो वरच्या सुरांवर चढतो आणि आवर्तनामागून आवर्तन खाली उतरायला तयार होत नाही.

त्याच वेळी जॅक ब्रूसचा बास साथ करत नाही, तो स्वतंत्र उपज करत असतो. बेकरचे ड्रम त्या दोघांमध्ये घुसतात. दुसऱ्या भागात कान गिटारवरून काढून केवळ बासवर ठेवून एकदा ऐकावे, वेगळेच गाणे सापडते.

क्लॅप्टनला स्वतःला हे मुद्रण आवडत नाही, हे खरे आहे का?

होय, त्याने मुलाखतीत तसे सांगितले आहे. वादनाच्या ओघात पहिली मात्रा कोणती याबद्दल आपला गोंधळ झाला होता असे त्याचे म्हणणे आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर सम हरवली होती. दुसऱ्या एकल वादनात बास, ड्रम आणि गिटार तिघेही ठेक्याला आडवे जातात आणि काही काळ सम नेमकी कोणाकडे आहे हे कळत नाही, हे लक्षपूर्वक ऐकल्यास पटते. त्याच्या नाराजीचा आदर राखूनही मला वाटते की, त्या भागात श्रोत्याचा श्वास अडकतो तो याच कारणाने. तिघे अखेर एकत्र समेवर येतात तेव्हा जो सुटकेचा आनंद होतो तो बिनचूक वादनात मिळाला नसता.

हे मुद्रण कापून लहान केले आहे का?

असा संशय येण्याचे कारण उघड आहे. त्याच तबकडीवरील ‘स्पूनफुल’ आणि ‘टोड’ सोळा मिनिटांच्या पुढे जातात आणि ‘क्रॉसरोड्स’ सव्वाचार मिनिटांच्या आसपास संपते. परंतु मुद्रण करणारे अभियंते बिल हाल्वरसन यांनी काटछाट झाल्याचे नाकारले आहे. क्रीमच्या इतर मैफलींतही हे गाणे साधारण एवढेच चालत असे. ते नेहमीच नेटके वाजवले जाई.

क्लॅप्टनच्या आवृत्तीत रोझडेल गावाचे कडवे आहे, पण जॉन्सनच्या दोन्ही टेकमध्ये ते सापडत नाही. ते कोठून आले?

जॉन्सनच्याच ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’मधून, जे १९३७ साली डॅलसमध्ये मुद्रित झाले होते. रोझडेल हे मिसिसिपी नदीकाठचे गाव आहे. कडव्यात सोबतीला नेलेली ‘रायडर’ म्हणजे घोडेस्वार नव्हे, ब्लूजच्या बोलीत तो शब्द प्रेयसीसाठी वापरतात. हे दुसरे गाणे जॉन्सनच्या हयातीत प्रकाशित झाले नाही, ते पहिल्यांदा आले ते १९६१ च्या त्याच एलपीवर. म्हणजे क्लॅप्टनने जोडलेले दोन्ही तुकडे एकाच एलपीवर होते आणि १९३७ सालच्या कोणत्याही ग्राहकाने त्यांपैकी एकही ऐकलेला नव्हता. अल्बमवर श्रेय रॉबर्ट जॉन्सनलाच दिले आहे, बांधणी तेवढी क्लॅप्टनच्या नावावर आहे.

क्रीमची या गाण्याची इतर कोणती थेट मुद्रणे आहेत?

बीबीसीसाठी १९६६ साली केलेले छोटेखानी वादन ‘बीबीसी सेशन्स’ या २००३ सालच्या संग्रहात आहे. २६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या निरोपाच्या मैफलीचे चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यातील ध्वनी फारसा चांगला नाही, पण तिघांची बोटे आणि चेहरे पाहायला मिळतात. १९९३ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला तेव्हा त्यांनी ते वाजवले. मे २००५ मध्ये पुन्हा अल्बर्ट हॉलमध्ये एकत्र येऊनही वाजवले. तेव्हाची लय शांत आहे आणि क्लॅप्टनचा आवाज १९६८ पेक्षा कितीतरी पिकलेला आहे. गायनापुरते पाहिले तर मी २००५ ची आवृत्ती निवडेन.

डेरेक अँड द डॉमिनोजची आवृत्ती वेगळी आहे का?

बरीच वेगळी आहे. हा क्लॅप्टनचा क्रीमनंतरचा चमू. ऑक्टोबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ती मुद्रित झाली. १९७३ च्या ‘इन कॉन्सर्ट’मध्ये ती नव्हती. ती आधी क्लॅप्टनच्या १९८८ सालच्या ‘क्रॉसरोड्स’ या मोठ्या संचात आणि मग १९९४ च्या ‘लाइव्ह ॲट द फिलमोर’मध्ये आली. येथे लय खाली उतरली आहे, कीबोर्डची भर आहे आणि गाण्याला पुन्हा श्वास घ्यायला जागा मिळाली आहे. क्रीमपेक्षा ही आवृत्ती जॉन्सनच्या अधिक जवळची आहे असे मला वाटते, आणि तिची उपेक्षा होते याचे वाईट वाटते.

क्लॅप्टनच्या ‘मी अँड मिस्टर जॉन्सन’ या अल्बममध्ये ते आहे का?

नाही. २००४ सालच्या त्या अल्बममध्ये जॉन्सनची चौदा गाणी आहेत, पण हे नाही. गाण्याचे नाव मात्र त्याने इतरत्र ठेवले आहे. अँटिग्वा बेटावर १९९८ साली स्थापन केलेले त्याचे व्यसनमुक्ती केंद्र आणि त्या केंद्राच्या मदतीसाठी २००४ पासून होणारा गिटार महोत्सव या दोन्हींचे नाव ‘क्रॉसरोड्स’ आहे.

आणखी कोणी हे गाणे वाजवले आहे?

यादी लांब आहे. लिनर्ड स्किनर्डची १९७६ सालची अटलांटातील मैफल, २००४ साली रश या कॅनेडियन त्रिकुटाने केलेले मुद्रण आणि २००९ सालची जॉन मेयरची आवृत्ती ही सहज मिळतील. तिन्हींचा आधार जॉन्सनपेक्षा क्रीम आहे.

गिटार शिकणाऱ्याने कोणत्या आवृत्तीपासून सुरुवात करावी?

क्रीमच्या मूळ आकृतीपासून करावी. ती नेहमीच्या जुळणीत, ए स्वरात, थोड्या दिवसांत बसते. जॉन्सनची आवृत्ती हाताला अवघड आहे. तेथे तारा खुल्या जुळणीत असतात, म्हणजे सर्व तारा मोकळ्या छेडल्या तरी एक पूर्ण स्वरसंघ उमटतो, आणि एका बोटात काचेची किंवा धातूची नळी चढवून सूर घसरवत न्यावे लागतात. नळी पडद्यांच्या मधल्या जागेत टेकवली तर सूर उतरतो, ती नेमकी पडद्याच्या वर हवी. दाबही इतकाच हवा की तार खालच्या पट्टीला लागू नये. उरलेल्या बोटांनी ठेका चालू ठेवायचा आणि वर गायचे, हे एकाच माणसाचे काम आहे.

महाराष्ट्रात ब्लूज प्रत्यक्ष ऐकण्याची सोय आहे का?

मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि शिकागोचे बडी गाय यांच्यासारखे ज्येष्ठ कलावंत तेथे येऊन गेले आहेत.

सगळ्या आवृत्त्या कोणत्या क्रमाने ऐकाव्यात?

कालक्रमाने ऐकू नयेत. आधी विंटरलँड ऐकावे, कारण ते लगेच पकडते. मग १९३६ चा दुसरा टेक, म्हणजे क्लॅप्टनच्या पिढीने ऐकलेला, ऐकावा. त्यानंतर डॉमिनोज आणि २००५ चा अल्बर्ट हॉल. पहिला टेक सर्वांत शेवटी, शक्यतो संध्याकाळी आणि हेडफोन लावून ऐकावा. तबकडीची खरखर सुरुवातीला त्रास देते, पण दुसऱ्या कडव्यापर्यंत कान तिला बाजूला सारतो. मग अंधाराचे कडवे येते, त्यानंतर विली ब्राउनला निरोप जातो, आणि जेथे इतर सगळ्या आवृत्त्या संपतात तेथून पुढे आणखी एक कडवे उरलेले असते.